बालवीराचे पदक आणि नोंदवहीतील एक पान

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या बालवीर-वीरबालांच्या गौरवसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्याकडे महोत्सव म्हटला की पताका लागतात, बँड वाजतो, जेवणावळ उठते आणि अशी एक स्मरणिका छापली जाते. हे सारे योग्यच आहे. परंतु लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांस ठाऊक आहे की मूळचा महोत्सव हा मेजवानीचा नव्हता, हिशेबाचा होता. पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे, गहाण पडलेली जमीन ज्याची त्यास परत द्यावी आणि ऋणापायी दास झालेल्या बांधवास मोकळे करावे, अशी ती आज्ञा होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ मजवर एक ऋण राहिले आहे. ज्यांचे ते ऋण, ते गृहस्थ आता हयात नाहीत. तेव्हा ते तुम्हांपाशी फेडावे असा मी विचार केला आहे. पण ते थोडे पुढे सांगेन. आधी आजच्या सत्काराचा विषय.

आपल्या धर्मग्रामातील दोन मुलांस आणि एका मुलीस यंदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि आणखी काहीजण राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचले. ज्या पालकांस या पायऱ्यांची कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लहान मुले प्रथम कब आणि बुलबुल होतात. कबांचा शेवटचा मान म्हणजे गोल्डन ॲरो. त्यानंतर बालवीर किंवा वीरबाला म्हणून प्रवेश घ्यावयाचा, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यावर राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरी, आणि या जिन्यावर दोन पायऱ्या एकदम चढता येत नाहीत. प्रत्येक पायरीस ठरलेले महिने द्यावेच लागतात. दोराच्या गाठी, होकायंत्र, नकाशा, चुलीवरचा स्वयंपाक, तंबू ठोकणे, प्रथमोपचार, पायी भटकंती व तिची लेखी नोंद, वस्तीतील सेवेचे काम, यांतून एकेक नैपुण्यचिन्ह मिळवीत मूल वर चढते. सातवीत सुरुवात केलेला मुलगा दहावीच्या आसपास शेवटच्या पायरीवर येतो. तेथे परीक्षेचे शिबिर असते आणि परीक्षक त्यास ओळखीचे नसतात. हा पुरस्कार ठराविक वयाच्या आत मिळवावा लागतो. वय गेले की गेले.

या मानाचा इतिहासही थोडा जाणून घ्यावा. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी 1907 सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कामकऱ्यांची मुलेही होती, आणि सर्वांस एकाच तळावर एकच अन्न होते. आपल्या गिरणगावातील माणसास या गोष्टीचे मोल अधिक कळेल. 1909 साली इंग्लंडच्या राजाच्या नावाने ‘किंग्ज स्काऊट’ हे सर्वोच्च पद निघाले. त्याच वर्षी बेंगळूरमध्ये पहिले पथक निघाले, पण ते गोऱ्यांच्या मुलांसाठी. देशी मुलांस त्यात प्रवेश नव्हता. म्हणून 1916 साली मद्रासेत ॲनी बेझंटबाईंनी, आणि पाठोपाठ अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी आपापल्या संस्था उभारल्या. आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हेही या चळवळीचे मोठे आधारस्तंभ होते. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू व मौलाना आझाद यांच्या आग्रहावरून निरनिराळ्या संस्था एक झाल्या आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली. वीरबालांची संस्था पुढच्या वर्षी तीत सामील झाली. ज्या मानावर पूर्वी राजाचा मुकुट होता तेथे आता आपल्या राष्ट्रपतींची स्वाक्षरी असते. हा बदल लहान नव्हे. एके काळी ज्या देशातील मुलास दाराबाहेर ठेविले, त्याच देशाचा पहिला नागरिक आज लालबागच्या मुलाच्या कागदावर सही करतो.

वीरबालांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून गणवेष घालून तेथे हजर झाल्या. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. त्यांचा हट्ट पाहून पुढच्या वर्षी मुलींची स्वतंत्र संस्था काढावी लागली, आणि 1911 मध्ये आपल्या देशात जबलपूर येथे वीरबालांचे पहिले पथक निघाले. आज ज्या मुलीचा आपण सत्कार करीत आहोत, तिच्या आजीने मला विचारले होते, “फादर, पोरीच्या जातीला तंबूत झोपायला कशाला पाठवायचं?” आजीबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि नातीपेक्षा अधिक नटून आल्या आहेत. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही.

आता एका शंकेकडे वळतो. ती शंका मला एका वृद्ध सभासदाने घातली आणि ती हलकी नाही. ते म्हणाले, “फादर, दानधर्म करताना डाव्या हातास उजव्याचे कृत्य कळू नये अशी प्रभूची शिकवण. मग चांगल्या कामाचे चिन्ह बाहीवर शिवून मिरवावे हे कसे?”

मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. संत पौल करिंथकरांस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा आणि न कोमेजणाऱ्या मुकुटाचा दाखला देतो, तो मला आठवला. पण त्याने माझे समाधान झाले नाही, कारण तेथे मुकुट स्वर्गात मिळावयाचा आहे आणि येथे शिंप्याकडून शिवून घ्यावयाचा आहे. समाधान झाले ते परळ स्थानकाजवळच्या एका आठवणीने.

29 सप्टेंबर 2017 हा दिवस आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. शुक्रवार होता, मायकल, गॅब्रिएल व राफाएल या महादूतांचा सण. सकाळी साडेदहाच्या सुमारास एकाएकी पाऊस कोसळला. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड, आजचे प्रभादेवी, या दोन स्थानकांमधील अरुंद पुलाच्या जिन्यावर माणसे पावसाच्या आडोशास थांबून राहिली. मागून गाड्या येतच होत्या, माणसे उतरतच होती. चेंगराचेंगरीत तेवीस जीव गेले. जखमींस जवळच्या के. ई. एम. इस्पितळात नेले. पुढे लष्कराच्या जवानांनी तेथे नवा पूल उभारला आणि 2018 च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. पण मी त्या सकाळच्या जिन्याविषयी बोलत आहे. तेथे मदतीस धावलेले हात पुष्कळ होते; मुंबईत त्यांची वाण कधीच नसते. वाण असते ती काय करावे हे जाणणाऱ्या हातांची. श्वास कोंडलेल्या माणसाच्या भोवतीची गर्दी प्रथम दूर सारावी, छाती मोकळी करावी, तोंडातील अडथळा काढावा, श्वास चालू असून शुद्ध नसेल तर कुशीवर निजवावे, मान वेडीवाकडी हलवू नये. या गोष्टी शिकविण्यास काही थोडे तास लागतात आणि न शिकल्यास किती काळ हळहळ वाटेल याचा हिशेब नाही. त्या दिवसानंतर मी या चर्चमध्ये विचारले होते, येथे बसलेल्यांपैकी किती जणांस हे येते? चार हात वर झाले. त्यांतील तीन परिचारिकांचे होते आणि चौथा एका बालवीराचा.

तेव्हा मला उमगले की बाहीवरचे चिन्ह हे केलेल्या सत्कृत्याचे बक्षीस नव्हे. ती पाटी आहे. डॉक्टर दारावर पाटी लावतो ती आपण किती रोगी बरे केले हे मिरविण्यासाठी नव्हे, तर मध्यरात्री धावत आलेल्यास दार सापडावे म्हणून. प्रथमोपचाराचे चिन्ह लावणारा मुलगा गर्दीस इतकेच सांगतो की गरज पडल्यास मला हाक मारा. उजव्या हाताने काय केले हे तो सांगत नाही. त्यास काय करता येते एवढे सांगतो. माझ्या वृद्ध मित्रास हे उत्तर पुरते पटले नाही, पण त्यांनी नातवाचे नाव पथकात घातले.

परंतु पाटी खोटी असेल तर? ज्याने वैद्यकी शिकली नाही त्याने दारावर पाटी लावली तर तो नुसता बढाईखोर राहत नाही, तो जीवघेणा ठरतो. आणि येथे मी आजच्या सभेस न शोभणाऱ्या विषयाकडे येतो. न बोलता राहिलो तर महोत्सवाचे रणशिंग फुंकून हिशेब लपविल्यासारखे होईल.

वर्षातून दोन-तीन वेळा तरी माझ्या मेजावर एक कागद येतो. अमुक मुलाने धर्मग्रामात अमुक इतके दिवस सेवा केली असे प्रमाणपत्र. मुलास मी ओळखतो, आईस ओळखतो, बापाच्या लग्नाची मिस्सा कदाचित मीच केलेली असते. सेवा मात्र झालेली नसते, किंवा दहा दिवसांतील दोन दिवस झालेली असते. आई म्हणते, “फादर, शिकवणीमुळे वेळच मिळाला नाही. एका सहीने तुमचं काय जातं?” आईचे सगळेच चुकते असे नाही. शेवटच्या पायरीपाशी मुलाचे वय संपत आलेले असते. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाइडांसाठी काही जागा राखून ठेविलेल्या असतात आणि राष्ट्रपती पुरस्काराचा तेथे उपयोग होतो, हे तिने ऐकलेले असते. परीक्षेतील सवलतीच्या गुणांचीही बोलवा असते. ज्या घरात गिरणीचा पगार बंद झाला तो परत सुरू झालाच नाही, त्या घराने नोकरीची आस धरावी यात कसले पाप? मी ते जाणतो आणि तरीही सही नाकारतो. त्यापायी दोन घरांनी मजशी बोलणे टाकले आहे. एक घर तर रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये जाते. हे मी कुरकुरीने सांगत नाही. मी सही नाकारली याचा मला पश्चात्ताप नाही. पण नाकारून पुढे मी काय केले, याचा विचार करता करता मला माझे जुने ऋण आठवले.

माझे वडील साचेखात्यात होते. नगर जिल्ह्यातून आलेले, लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही सहाजण. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पहिले काही महिने सारे वातावरण सणासारखे होते. मोर्चे, सभा, घोषणा. मग हळूहळू भांडी विकली जाऊ लागली. ज्या भोंग्यावर आम्ही घड्याळ लावीत असू तो वाजेनासा झाला आणि धुराड्यांवरचे आकाश स्वच्छ दिसू लागले, हे माझ्या आईस फार अशुभ वाटे. वडील गावी शेतीच्या मजुरीस गेले. आई खानावळीच्या भाकऱ्या भाजू लागली आणि सुटीच्या दिवशी डबे पोहोचविण्याचे काम मजकडे आले.

आमच्या शाळेत बालवीर पथक होते. त्याचे मास्तर गिरणीत कारकून होते आणि संपापायी तेही घरीच होते. गळ्यात तुळशीची माळ, पायात टायरच्या चपला, खिशात सदैव एक हातभर दोर. बोलता बोलता तो दोर त्यांच्या बोटांत गाठी घाली आणि सोडी. माझे तृतीय सोपानाचे काम चालू होते. भटकंती करून तिची नोंद लिहावयाची होती. 1983 च्या फाल्गुनात टोळी मुंब्र्याच्या डोंगरावर गेली. मी गेलो नाही. गाडीभाडे नव्हते आणि डबेही होते. दोन्ही कारणे सांगण्याची मला लाज वाटली. मास्तरांस म्हटले, मी मागाहून दुसऱ्या टोळीबरोबर जाऊन आलो. मित्राची नोंदवही आणली आणि रात्री दिव्याखाली बसून सारी उतरविली. अक्षर माझे चांगले होते. नकाशा तर मित्राहून सुबक काढला. वाटेतील ओढा, देवीचे देऊळ, जेथे बसून भाकर खाल्ली ते लाल फुलांचे पळसाचे झाड, सारे आले.

मास्तरांनी वही वाचली, पेन उघडले आणि सही करता करता थांबले. म्हणाले, “नोंद छान आहे. ज्या झाडाखाली जेवलास त्याला काटे होते का रे?”

मी म्हटले, “नाही, मास्तर.”

“नीट आठव.”

“नव्हते.”

त्यांनी पेन मिटले. ते झाड पळसाचे नव्हते, पांगाऱ्याचे होते. दोहोंची फुले लाल, दोहोंस तीन-तीन पाने, दोन्ही त्याच ऋतूत फुलतात. मित्राने चूक केली होती आणि मास्तरांनी त्यास ती त्याच दिवशी दाखविली होती. मी ती चूक इमानाने उतरविली होती. पांगाऱ्याच्या खोडास काटे असतात, आणि जो त्यास टेकून बसला असता तो काटे विसरला नसता.

मजवर ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त विचारले, “भाडं नव्हतं?” मी मान हलविली. ते म्हणाले, “अरे, मग पायाला कुठं भाडं पडतं? रविवारी सकाळी चर्चमधून सुटलास की भारतमाता थिएटरपाशी ये. डबे माझा धाकटा पोचवील.”

त्या रविवारी आम्ही दोघेच निघालो. लालबागवरून परळ, तेथून शिवडीचा किल्ला. शिवडीची आपली दफनभूमी वाटेत लागली तेव्हा मास्तरांनी चपला काढल्या व फाटकाबाहेरून नमस्कार केला. माझी आजी तेथे निजलेली होती हे त्यांस ठाऊक नव्हते. किल्ल्यावर त्यांनी माझ्याकडून काठीच्या सावलीवरून उत्तर दिशा काढविली. पुढे वडाळ्यावरून शीव. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट येथे संपे आणि पलीकडे साष्टी लागे, म्हणून हे नाव, हे मला त्या टेकडीवर उभे असताना प्रथम कळले. तेथील किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत बांधला. मग धारावीचा काळा किल्ला. त्याच्या भिंतीवर 1737 सालचा दगड आहे. त्याच साली चिमाजी आप्पांची फौज पलीकडे साष्टीत उतरली होती आणि दोन वर्षांनी वसई पडली. “इंग्रजांनी भिंत कुणाच्या धाकानं बांधली ते बघ,” मास्तर म्हणाले आणि प्रथमच हसले. दर शंभर पावलांस मी एक खडा या खिशातून त्या खिशात टाकीत होतो. अंतर मोजण्याची ती रीत त्यांचीच.

माहीमला सेंट मायकलच्या चर्चपाशी येईतो दोन वाजले होते. त्यांनी मला आत जाण्यास सांगितले आणि आपण अंगणातील बाकावर बसले. मी वेदीपुढे गुडघे टेकले खरे, पण प्रार्थना सुचेना. बाहेर आलो तेव्हा ते फडक्यातील भाकरी दोन भागांत मोडीत होते. एक अर्धी किंचित मोठी होती, ती त्यांनी मला दिली. संपाचे दुसरे वर्ष होते. त्या भाकरीचा अर्थ आज मला कळतो, तेव्हा नुसती भूक होती.

शिवाजी पार्कवरून दादर, दादरवरून परळ, आणि दिवेलागणीस आम्ही लालबागेत पोहोचलो. दहा मैलांच्या वर चाल झाली होती. मी रात्री नवी नोंद लिहिली. अक्षर वाईट आले, नकाशाही वाकडा आला. मास्तरांनी त्यावर सही केली. जुने पान त्यांनी फाडले नाही आणि मलाही फाडू दिले नाही. “असू दे वहीत,” एवढेच म्हणाले.

ती वही मजपाशी अद्याप आहे. राज्य पुरस्कारापर्यंत मी गेलो. राष्ट्रपती पुरस्कार मला मिळाला नाही. दहावी होताच मी कामास लागलो आणि वय निघून गेले. पुढे सेमिनरीत मला विवेकबुद्धीच्या परीक्षणावर पुष्कळ ग्रंथ वाचावे लागले. चांगले ग्रंथ होते. परंतु ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पांगाऱ्याचे काटे येत.

त्या काळी काही कॅथलिकांस ही चळवळ संशयास्पद वाटे, हे ऐकून आजच्या मुलांस नवल वाटेल. परक्या पंथाची, कदाचित धर्मास मारक, अशी तिची ख्याती युरोपात पसरली होती. फ्रान्समधील येशूसंघी धर्मगुरू फादर जाक सेवँ यांनी स्वतः 1913 साली इंग्लंडात जाऊन ती पाहिली, बेडन-पॉवेल यांची भेट घेतली, आणि 1920 साली आपल्या देशात कॅथलिक बालवीरांची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांस 2012 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पूजनीय ही पदवी दिली. त्याच फ्रान्समधील रेन गावचा मार्सेल कालो हा छापखान्यातील कामगार मुलगा लहानपणी बालवीर होता. महायुद्धात जर्मनीत सक्तीच्या मजुरीवर नेला गेला असता त्याने तेथील मजूर सोबत्यांत प्रार्थना व मैत्री चालू ठेविली, म्हणून त्यास पकडले, आणि 19 मार्च 1945 रोजी, संत जोसेफच्या सणादिवशी, माउटहाउझेनच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. 1987 साली ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित घोषित केले. गिरणगावातील मुलांनी या छापखान्यातल्या पोराशी ओळख करून घ्यावी असे मला फार वाटते. पण माझ्या मास्तरांस संशयाची ही सारी कथा कधी ठाऊकच नव्हती. बालवीराच्या वचनात ईश्वराप्रति कर्तव्य पहिले येते. त्यांनी ते विठोबाच्या नावे पाळले आणि मला माझ्या वेदीकडे पाठविले.

आता माझ्या ऋणाचा हिशेब. मास्तरांनी माझ्या खोट्या पानावर सही केली नाही. मीही आज खोट्या कागदावर सही करीत नाही. येथवर मी त्यांचा शिष्य शोभतो. परंतु सही नाकारल्यावर ते माझ्याबरोबर दहा मैल चालले, आणि मी मात्र सही नाकारून कचेरीचे दार लावून घेतले. “भाडं नव्हतं?” हा प्रश्न मी एकाही मुलास विचारला नाही. शिकवणीमुळे वेळ मिळाला नाही असे आई म्हणाली तेव्हा तो मुलगा रात्री कोठे काम करतो की काय, हे मी पाहिले नाही. ज्या दोन घरांनी मजशी बोलणे टाकले, त्यांपैकी एका घरी मी मागच्या आठवड्यात गेलो. चहा मिळाला. मुलाने प्रथम खाली पाहिले, मग वर पाहिले. त्याचे वय अजून पाच महिने उरले आहे.

ज्यांचा आज सत्कार होत आहे त्या तिघांस मी एवढेच सांगतो की तुमच्या नोंदवह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत खाडाखोड आहे, चिखलाचे डाग आहेत, आणि एका पानावर तर मुंगळा चिरडलेला आहे. मला त्या फार आवडल्या.

पुढच्या रविवारी पहिली मिस्सा आटोपताच मी चर्चच्या फाटकापाशी उभा राहीन. लालबाग, शिवडी, शीव, धारावी, माहीम, दादर, असा रस्ता आहे. ज्यांचे काही उरले आहे त्यांनी यावे, ज्यांचे पुरे झाले आहे त्यांनी त्यांस सोबत करावी. पाण्याची बाटली, हातभर दोर आणि दोघांस पुरेल इतकी भाकरी आणावी. माझे गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा चाल जरा सावकाश होईल. खडे मी आणतो.